मराठीत रंगणारा किस्सा इंग्रजीत का पडतो?

तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडते. मूळचे सांगलीकडचे, नऊ वर्षं पुण्यात आयटीत, मँचेस्टरच्या टीमबरोबर रोजचा कॉल. कामाचं इंग्रजी चोख. पण कॉलवर सगळे जमेपर्यंतची पाच-सात मिनिटं आणि तिकडे गेल्यावर संध्याकाळी पबमध्ये बसतात ते दोन तास, यांची तुम्हाला धास्ती वाटते. गावाकडे पारावर तुम्ही तोंड उघडलं की माणसं सरसावून बसतात. तोच किस्सा इंग्रजीत सांगितला की समोरचा ‘ओह, नाइस’ म्हणतो आणि अजेंडा उघडतो. म्हणून तुम्ही विचारलंय की व्याकरणाचा क्लास लावू का.

नका लावू. नोकरदारांना बोलायचं इंग्रजी शिकवण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. तुम्ही सोबत पाठवलेलं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. त्यात चुका आहेत, पण किस्सा त्या चुकांमुळे पडलेला नाही. बिनचूक इंग्रजीत रटाळ बोलणारी कितीतरी माणसं मला माहीत आहेत, त्यात इंग्रजीचे प्राध्यापकही आहेत. तुमची अडचण अशी की मराठीत तुम्ही किस्सा सांगता आणि इंग्रजीत त्याच घटनेचा अहवाल देता.

मराठीत तुम्ही सांगितलात तो असा:

‘परवा स्कूटरवरून घरी चाललो होतो, अर्ध्या वाटेत पाऊस. रेनकोट काढायला डिकी उघडतो तर आत दोन जुड्या मेथी आणि जपाची माळ! म्हटलं, च्यायला, ही कोणाची गाडी? तसाच भिजत माघारी. सलूनच्या दारात एक आजी उभ्या, शेजारी माझी स्कूटर. मी आपला, सॉरी आजी, चुकून झालं, किल्ली लागली हो, दहादा. आजींनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या गाडीवर बसल्या आणि म्हणाल्या, ते असू दे बाळा. तुझे ब्रेक आधी बघून घे.’

मी एकटीच बसले होते, तरी मोठ्याने हसले. आजीसुद्धा तुमची गाडी घेऊन जाऊन परत आल्या होत्या, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. ते मला कळलं, आणि मला कळलं म्हणूनच हसू आलं.

आता तुमचंच इंग्रजी: ‘लास्ट सॅटर्डे आय हॅड गॉन टु अ सलून निअर मंडई. मंडई इज द व्हेजिटेबल मार्केट इन पुणे, इट वॉज बिल्ट इन ब्रिटिश टाइम. आय हॅव अ ग्रे स्कूटर, आय परचेस्ड इट इन 2016. देअर इज ऑल्वेज पार्किंग प्रॉब्लेम इन दॅट एरिया...’ पस्तीस सेकंद झाली तरी स्कूटर स्टँडवरच. आणि शेवट: ‘द ओल्ड लेडी टोल्ड मी दॅट आय शुड रिपेअर माय ब्रेक्स, बिकॉज शी हॅड ऑल्सो टेकन माय स्कूटर बाय मिस्टेक. सो इट वॉज अ व्हेरी फनी इन्सिडेंट.’

‘इन्सिडेंट’ हा शब्द तर आयटीवाल्यांनी जन्मात वापरू नये. तुमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे थेट बंद पडलेला सर्व्हरच येतो.

ही सवय कुठून आली ते तुम्हालाही आठवेल. आठवी-नववीत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायचो. वाक्यात ‘हुर्रे’ दिसलं की ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट’, ‘अलास’ दिसलं की ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो दॅट’. माणसाच्या तोंडातलं जिवंत वाक्य काढायचं, त्याला ‘दॅट’ लावून वाळवायचं आणि दोन मार्क घ्यायचे. इंग्रजीत गोष्ट सांगायचा आपला अभ्यास एवढाच झाला. मराठीत आपण ‘आजींनी मला सांगितलं की मी ब्रेक दुरुस्त करावेत’ असं म्हणतो का? आपण ‘आजी म्हणतात कशा’ म्हणतो आणि आजी होतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ‘टोल्ड मी दॅट’ आणि ‘आस्क्ड मी वेदर’ सोडून द्यायचं. ‘शी सेज’ म्हणा आणि तिचंच वाक्य तिच्याच सुरात टाका. तरुण मंडळींत ‘आय वॉज लाइक’ चालतं, गोष्ट वर्तमानकाळात सांगत असाल तर ‘आयम लाइक’. हे अशुद्ध वाटणाऱ्यांसाठी सांगते, एका अमेरिकन भाषानियतकालिकात या प्रयोगाची नोंद 1982 सालची आहे. त्या वेळची कॉलेजातली पोरं आता साठीला आली. शिवाय ‘लाइक’ची एक सोय आहे: त्यापुढे मनातलं वाक्यही टाकता येतं. ‘अँड आयम लाइक, व्हूज स्कूटर इज धिस?’ हे तुम्ही मोठ्याने बोलला होतात की मनात, हे कोणी विचारत नाही. आपल्या ‘म्हटलं’चंही असंच आहे. ‘म्हटलं, आता मेलो’ हे आपण कोणाला म्हटलेलं असतं?

काळाचं तसंच. ‘हॅड गॉन’ कुठून आलं? ‘गेलो होतो’मधून. मराठीत ‘मी परवा मंडईत गेलो होतो’ अशी सुरुवात सहज होते, म्हणून आपल्या जिभेवर ‘हॅड’ चढतं. इंग्रजीत तिथे साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड’ ऐकल्यावर समोरचा वाट बघतो की त्यानंतर आणखी कोणती घटना घडली, आणि ती येत नाही. पण पुढे मराठीत तुम्ही ‘डिकी उघडतो तर’ म्हणालात. घडून गेलेली गोष्ट, क्रियापद मात्र वर्तमानातलं. इंग्रजी बोलणारेही ऐन रंगात नेमकं हेच करतात: ‘आय लिफ्ट द सीट, अँड इट्स फुल ऑफ ग्रीन्स.’ नेसा वुल्फसन या अमेरिकन अभ्यासिकेने संभाषणातल्या याच वर्तमानकाळावर 1982 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे ही खोड आजीच्या गोष्टींपासून आहे, फक्त इंग्रजीत ती चूक ठरेल या भीतीने आपण ती दारातच ठेवून येतो. बिचकत असाल तर सगळी गोष्ट भूतकाळात सांगा, काही बिघडत नाही. पण एकाच वाक्यात अर्धं इकडे अर्धं तिकडे नको.

आता किस्सा सुरू कसा करायचा ते पाहू. याकडे शिकणारे सगळ्यात कमी लक्ष देतात. गप्पांत एरवी प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वाक्य येतं. किस्सा सांगायचा म्हणजे तुम्ही एकदम आठ-दहा वाक्यांची जागा मागता. ती परवानगीने मिळते. हार्वी सॅक्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात लोकांची साधी संभाषणं टेप करून त्यांचा अभ्यास केला, त्यात त्याला हे दिसलं: सांगणारा आधी एक वाक्य टाकतो, ऐकणारा ‘काय झालं?’ म्हणतो, आणि मगच किस्सा सुरू होतो. ते ‘काय झालं?’ म्हणजे तुमचं तिकीट. मराठीत आपण ‘परवा काय झालं माहितीये?’ किंवा ‘अरे, त्याची एक गंमत’ असं म्हणून हे तिकीट रोज काढतो. इंग्रजीत मात्र ‘लास्ट सॅटर्डे आय हॅड गॉन’ म्हणत फुकट चढतो, आणि दुसऱ्या वाक्याला उतरवले जातो.

पहिल्या वाक्यात किती कबूल करायचं, यालाही महत्त्व आहे. ‘यू वोन्ट बिलीव्ह व्हॉट हॅपन्ड’ म्हटलंत की लोक निदान अपघाताची अपेक्षा ठेवतात आणि तुमच्याकडे मेथी असते. ‘आय हॅव अ व्हेरी फनी स्टोरी’ तर नकोच, हसायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. थोडक्यात कबूल करा आणि त्यात स्वतःची फजिती असू द्या. तुमच्यासाठी मी हे वाक्य सुचवेन: ‘सो, आय मे हॅव स्टोलन अ स्कूटर ऑन सॅटर्डे.’ मँचेस्टरला हे ‘मे हॅव’ फार आवडेल. मोठी गोष्ट खालच्या सुरात सांगण्याची त्यांना हौस असते.

संदर्भ जुळवून आत शिरता आलं तर आणखी बरं. कोणी गाडी, पाऊस, हरवलेली किल्ली असं काही काढलं की ‘ओह, दॅट रिमाइंड्स मी’. धागा नसेल तर ओढूनताणून जोडू नका. किस्सा उद्याही तोच असतो.

यानंतर पार्श्वभूमी, आणि इथे मला स्वतःची फजिती सांगितलीच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. रात्रीच्या जेवणाला आठजण होतो, सापांवर विषय निघाला. माझ्याकडे हुकमी किस्सा: राजापूरकडचं आजोळ, पडवीतला झोपाळा, आणि आजोबांच्या चष्म्याच्या घरात शिरलेलं फुरसं. मी सुरुवात केली. कोकण कुठे आहे ते सांगितलं. मग पडवी म्हणजे काय, ती ओटीपेक्षा वेगळी कशी, झोपाळा घरात का असतो, जांभा दगड लाल का असतो. मला वाटत होतं मी चित्र उभं करतेय. फुरसं येईपर्यंत सूपच्या बशा उचलल्या गेल्या होत्या. शेवटी एका बाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं, ‘अँड द स्नेक?’ त्या क्षणी मला फुरशाच्या जागी मीच त्या चष्म्याच्या घरात जावंसं वाटलं.

आपल्याकडे कीर्तनाला पूर्वरंग असतो, श्रोत्यांना ते माहीत असतं, ते पाय मोडून निवांत बसलेले असतात. पबमध्ये बसलेला माणूस पूर्वरंगाला आलेला नसतो. म्हणून शेवटच्या वाक्याला ज्याची गरज आहे तेवढंच सुरुवातीला द्यायचं. तुमच्या किस्स्याचा शेवट कशावर उभा आहे? दोन गोष्टींवर: पुण्यात निम्म्या स्कूटरी एकसारख्या दिसतात, आणि कुलपं जुनी झाली की दुसऱ्याची किल्ली लागते. बस. मंडई गेली, सलून गेलं, 2016 गेलं. पार्किंगही गेलं, तो पुणेकरांचा स्वतंत्र विषय आहे.

आणि मेथी? इथे माझ्या वर्गात दरवेळी भांडण होतं. मेथीला इंग्रजीत शब्द आहे, ‘फेन्युग्रीक’, पण तो उच्चारताच ऐकणारा क्षणभर स्वयंपाकघरात जातो आणि डिकीतून बाहेर पडतो. मी ‘ग्रीन्स’ म्हणते. ‘पण मॅडम, मेथी ती मेथी,’ असं म्हणणारा एक तरी असतोच, आणि त्याचं प्रेम मला समजतं. मेथीवर किस्सा असेल तेव्हा तिचं नाव घ्या. इथे ती नुसती दुसऱ्याची वस्तू आहे. जपमाळेला मात्र हात लावू नका; ‘प्रेअर बीड्स’ म्हटलं की आजी दिसायच्या आधीच दिसतात.

हे सगळं लावून तुमचा किस्सा मी असा सांगितला असता:

‘सो, आय मे हॅव स्टोलन अ स्कूटर ऑन सॅटर्डे.’ इथे थांबायचं. कोणीतरी ‘यू व्हॉट?’ म्हणेल. ‘हाफ ऑफ पुणे राइड्स द सेम ग्रे स्कूटर, अँड वन्स द लॉक्स गेट ओल्ड, हाफ द कीज फिट. सो आयम हाफवे होम, इट स्टार्ट्स पोअरिंग, आय पुल ओव्हर, लिफ्ट द सीट टु ग्रॅब माय रेनकोट, अँड इट्स फुल ऑफ ग्रीन्स. अँड प्रेअर बीड्स. आय डोन्ट ओन प्रेअर बीड्स. सो आय रेस बॅक, अँड देअर्स धिस टायनी ओल्ड लेडी, स्टँडिंग नेक्स्ट टु माय स्कूटर. अँड आयम लाइक, आयम सो सॉरी, आयम सो, सो सॉरी. शी लेट्स मी फिनिश. शी गेट्स ऑन हर्स, लुक्स मी अप अँड डाउन, अँड सेज: युअर ब्रेक्स आर टेरिबल.’

पाऊण मिनिट. एकही शब्द असा नाही जो तुम्हाला येत नव्हता.

यात तीन गोष्टी मुद्दाम बघा. एक, ‘धिस टायनी ओल्ड लेडी’. आपण ‘एक आजी’चं ‘वन ओल्ड लेडी’ करतो, आणि इंग्रजी कानाला ते मोजणी केल्यासारखं वाटतं: एक म्हातारी, दोन म्हाताऱ्या. किस्स्यात नवं पात्र आणताना ते लोक ‘धिस’ वापरतात. ती बाई समोर नसते, आधी तिचं नावही निघालेलं नसतं, तरी ‘धिस’. त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की ही महत्त्वाची आहे, हिच्यावर लक्ष ठेवा. म्हणून हे ‘धिस’ किस्स्यात एकदा, फार तर दोनदा. वाटेतल्या प्रत्येक रिक्षावाल्याला लावायचं नाही.

दोन, क्रियापदं. यावर मी वर्गात आठवडाभर बसते, कारण मराठी माणसाचा इंग्रजी किस्सा बेचव होतो तो बहुतेक इथेच. मराठीत रंग कुठे असतो? ‘-कन’मध्ये. धाडकन, खसकन, भसकन, खुदकन. क्रियापद साधंच असतं, लावणं, ओढणं, बोलणं, हसणं, आणि त्याच्या अलीकडचा शब्द सगळी गंमत करतो. मग इंग्रजीत आपण साधं क्रियापद उचलतो, ‘-कन’ला शब्द सापडत नाही, आणि ‘ही क्लोज्ड द डोअर व्हेरी लाउडली’ असं काहीतरी हाती लागतं. इंग्रजीने हा आवाज क्रियापदाच्या पोटातच भरलेला आहे. धाडकन दार लावलं म्हणजे ‘स्लॅम्ड द डोअर’. भसकन बोलून गेलो, ‘ब्लर्टेड इट आउट’. खुदकन हसली, ‘गिगल्ड’. खसकन ओढून घेतलं, ‘स्नॅच्ड’. हळूच सटकलो, ‘स्लिप्ट आउट’. तरातरा आत आली, ‘स्टॉर्म्ड इन’. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, ‘मटर्ड समथिंग’. वहीच्या एका पानावर डावीकडे तुमचे नेहमीचे ‘-कन’ आणि ‘-तरा’ लिहा, उजवीकडे त्यांची क्रियापदं. पंचवीस-तीस पुरतात, प्रत्येकाच्या किस्स्यांत तीच तीच माणसं तशीच दारं आपटत असतात. ‘व्हेरी’ किती वेळा येतं ते रेकॉर्डिंगमध्ये मोजा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये नऊदा होतं.

तीन, ‘आय डोन्ट ओन प्रेअर बीड्स’ हे वाक्य. या वाक्यात काहीच घडत नाही. पण ते काढलंत तर किस्सा अर्धा होतो, कारण त्या क्षणी तुमच्या डोक्यात काय झालं ते फक्त तिथे आहे. विल्यम लबोव्ह या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने जोशुआ वालेट्झ्कीबरोबर 1967 मध्ये तोंडी किस्स्यांच्या बांधणीवर एक निबंध लिहिला, आणि पुढे 1972 मध्ये त्याचे सहा भाग पाडले: सुरुवातीची चाहूल, जागा-वेळ-माणसं, घडलेली गोष्ट, सांगणाऱ्याला तिचं काय वाटलं, शेवट, आणि पुन्हा आजच्या गप्पांत परत येणं. लबोव्हचा सगळा जोर चौथ्या भागावर आहे. ‘मग त्याचं काय?’ असं ऐकणाऱ्याने विचारू नये याची तजवीज त्या भागात होते. आपले इंजिनिअर तिसरा भाग इमानेइतबारे, क्रमवार सांगतात आणि चौथा गाळतात. त्यांना वाटतं, घटनाच मजेदार आहे, मी मध्ये कशाला?

याच लबोव्हची आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. न्यूयॉर्कमध्ये लोकांच्या बोलीचा अभ्यास करताना त्याची अडचण अशी की टेपरेकॉर्डर दिसला की माणसं सावरून, शाळेतल्यासारखी बोलायची. मग तो विचारायचा: आता आपण मेलो, असं तुम्हाला कधी वाटलं होतं का? त्या प्रसंगात शिरलं की माणूस भाषेवरची नजर काढून घ्यायचा आणि जसा बोलतो तसा बोलायचा. शिकणाऱ्याचंही हेच होतं. ज्यांच्या तोंडून ‘माय हॉबीज आर’ या विषयावर चार वाक्यं निघत नाहीत, ती माणसं घाटात ब्रेक फेल झालेल्या एसटीची गोष्ट विचारली की तीन मिनिटं थांबत नाहीत. म्हणून किस्सा निवडताना ‘इंग्रजीत सोपा कोणता’ असा विचार करू नका. आठवला की अजूनही हात हलायला लागतात, तो घ्या.

शेवटाबद्दल थोडंच. ज्या शब्दावर हशा यायचा तो अगदी शेवटी यायला हवा. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून ‘ब्रेक बघून घे’ तिथे बसतं. इंग्रजीत ‘टेरिबल’ शेवटी यायला ‘यू हॅव टेरिबल ब्रेक्स’चं ‘युअर ब्रेक्स आर टेरिबल’ करावं लागलं. त्याआधी अर्धा श्वास थांबा. त्यानंतर तोंड बंद. ‘सो शी हॅड ऑल्सो टेकन’ नाही, ‘इट वॉज सो फनी’ नाही, आणि आपली ती लाडकी ‘असं सगळं’ची शेपटी तर मुळीच नाही. कळायला एक सेकंद लागेल, तो सेकंद त्यांचा आहे.

ऐकणाऱ्यांबद्दल एक खुलासा, कारण तुम्ही लिहिलंय की ‘ते मख्ख असतात’. आपल्याकडे ऐकणारा हुंकार देतो. ‘हं’, ‘मग?’, ‘काय सांगतोस!’, मध्येच स्वतःचंही एक वाक्य, आणि त्याने सांगणाऱ्याला जोर चढतो. सगळीकडे तसं नसतं. डेबोरा टॅनन या भाषाभ्यासिकेने 1978 सालच्या थँक्सगिव्हिंगचं एक जेवण टेप केलं होतं. तीन न्यूयॉर्ककर एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते आणि ती त्यांच्या लेखी आपुलकी होती; टेबलावरचे दोन कॅलिफोर्नियावाले आणि एक इंग्लिश बाई यांना मात्र आपल्याला बोलूच देत नाहीत असं वाटलं. आपण त्या न्यूयॉर्ककरांचे चुलतभाऊ. तेव्हा मँचेस्टरच्या माणसाची शांतता म्हणजे कंटाळाच असं धरू नका, आणि तो सांगत असताना तुमचा ‘मग? मग?’ जरा आवरा. व्हिडिओ कॉलवर तर निम्मे लोक म्यूटवर हसतात. ओठ बघा.

त्याचा किस्सा संपल्यावर तुमचा कोणता काढायचा, हेही शिकायचं असतं. त्याच जातीचा, पण त्याच्यावर कडी करणारा नाही. त्याची सुटकेस हरवली तर तुमची अख्खी ट्रेन चुकली असं नको, तुमची छत्री हरवू द्या. बायकोवरचे विनोद, कोणाच्या वजनावरचे, कोणाच्या देशावरचे, कोणाच्या उच्चारांच्या नकला, हे सगळं घरी ठेवा. हापिसातल्या तिसऱ्याची फजिती सांगू नका, स्वतःची सांगा. ब्रिटिशांत स्वतःवर हसणारा लवकर आपला होतो. बक्षीस कसं मिळालं याची गोष्ट फक्त आईला.

आता सराव. किस्सा लिहून पाठ करू नका. पाठ केलेला माणूस लगेच ओळखू येतो, डोळे वर छताकडे जातात. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, मधलं दरवेळी नव्याने येऊ द्या. फोनवर रेकॉर्ड करा, दीड मिनिटाच्या पुढे गेला तर सुरुवात कापा, शेवट नाही. मग तोच किस्सा आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांना सांगा आणि कुठे हसले, कुठे डोळे भरकटले ते रात्री दोन ओळींत लिहून ठेवा. मराठीत तुमचा स्कूटरचा किस्सा इतका घोटलेला का आहे? मला पाठवण्याआधी तुम्ही तो बायकोला, भावाला, ऑफिसात आणि सोसायटीच्या गेटवर सांगितलेला आहे. इंग्रजीत मात्र आपण पहिल्याच दमात, परक्यांपुढे, पाचव्या वेळेसारखा व्हावा अशी अपेक्षा धरतो. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर एकच किस्सा वापरला, लिफ्टमध्ये अडकल्याचा. अकरा ठिकाणी सांगितला. बाराव्या वेळी तो किस्सा इंग्रजीत आहे हे ती स्वतःच विसरली होती.

माणसं मिळत नसतील तर टोस्टमास्टर्सचा, म्हणजे चारचौघांपुढे बोलण्याचा सराव करणाऱ्यांचा, क्लब बघा, पुण्यात बरेच आहेत. तिथे ‘टेबल टॉपिक्स’मध्ये आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि किस्स्याचं माप तेवढंच आहे. त्यांची तयार भाषणं मात्र वेगळी गोष्ट, त्यातले हातवारे पबमध्ये नेऊ नका. ऐकायला न्यूयॉर्कची ‘द मॉथ’ ही संस्था उत्तम. 1997 पासून साधी माणसं तिथे उभं राहून स्वतःच्या खऱ्या गोष्टी सांगतात, हातात कागद नसतो. एक गोष्ट निवडा आणि अर्थासाठी एकदा ऐकल्यावर दुसऱ्यांदा फक्त ती व्यक्ती कुठे थांबते ते ऐका.

आणि कधीकधी पडेलच. माझे अजून पडतात. त्या लोकांनी त्यासाठीही वाक्य करून ठेवलंय: ‘वेल, यू हॅड टु बी देअर.’ खांदे उडवून एवढं म्हणा, लोक हसतात आणि विषय पुढे सरकतो.

मंगळवारच्या कॉलला कोणीतरी पुण्याच्या पावसाचं विचारेलच, जुलै आहे. ‘टेरिबल. इट गॉट मी इंटू ट्रबल ऑन सॅटर्डे, अ‍ॅक्च्युअली’ एवढं म्हणून थांबा. ‘हाउ सो?’ आलं की स्कूटर काढा. आणि ब्रेकवर पोचल्यावर घाईने म्यूट दाबू नका, तिकडचं हसू इकडे यायला एक-दोन सेकंद लागतात.